खेळातील भाषा आणि भाषेतील खेळ : वऱ्हाडी मुलांच्या खेळांचा एक विचार

१. विषयाची मांडणी

“खेळ पुरे, आता अभ्यासाला बस,” हे वाक्य अमरावती-अकोल्याकडील घरांतून दिवेलागणीच्या वेळी हटकून ऐकू येते. बोलणाऱ्याच्या ध्यानात येत नाही, परंतु ह्या लहानशा वाक्यात एक सिद्धान्त दडलेला आहे. खेळ आणि अभ्यास ह्या परस्परविरोधी गोष्टी असून एकीला दिलेला वेळ दुसरीतून वजा होतो, असा तो सिद्धान्त होय. पूर्वी तो केवळ आईबापांच्या तोंडी असे. आता वय वर्षे तीनच्या मुलालाही पाटी-पेन्सिल घेऊन अक्षरे गिरवावयास लावणाऱ्या बालवर्गांनी तो आचरणातही आणला आहे. प्रस्तुत लेखात ह्या सिद्धान्ताची भाषाशास्त्राच्या अंगाने तपासणी करावयाची आहे.

खेळाचे शरीरस्वास्थ्याच्या दृष्टीने महत्त्व सर्वमान्य आहे. त्याविषयी येथे विवेचन करण्याचे कारण नाही. येथे प्रतिपादन करावयाचे ते इतकेच की, मूल खेळताना भाषेसंबंधी जे काही आत्मसात करते ते शाळेतील भाषाशिक्षणाला लागणारे भांडवल असते. आणि ज्या मुलाची घरची बोली व शाळेची भाषा भिन्न आहे, त्याच्या बाबतीत तर खेळ हाच ह्या दोहोंना जोडणारा पूल असतो. हा पूल मोडला तर पहिले नुकसान होते ते वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाचे, आणि त्याच्याबरोबर त्याच्या घराचेही.

२. पूर्वविचार

खेळाला शिक्षणात स्थान देण्याची कल्पना नवी नाही. जर्मनीत फ्रोबेलने १८४० साली आपल्या बालशाळेस ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांचा बगीचा, हे नाव दिले, तेव्हापासून तिची चर्चा चालू आहे. आपल्याकडे ती रुजविण्याचे श्रेय ज्यांना द्यावयाचे त्यांत ताराबाई मोडक (१८९२-१९७३) ह्यांचे नाव अग्रभागी येते. विवाहानंतर त्यांचे काही काळ वास्तव्य अमरावतीस होते, हे वऱ्हाडातील अभ्यासूंनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे १९२३ साली त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका ह्यांच्या कार्यात सहभागी झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. आणि १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. माँटेसरीची साधने विकत आणणे खेड्याला परवडणारे नाही, हे ओळखून शंख-शिंपले, बिया, पाने, खडे ह्यांसारख्या वस्तूंतून त्यांनी व अनुताई वाघ ह्यांनी शिक्षणसाहित्य उभे केले. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, ह्या विचारातून निघालेला ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर रूढ झालेला आहे.

मानसशास्त्रज्ञांपैकी पियाजे ह्याने १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वित्झर्लंडमधील मुलांच्या गोट्यांच्या खेळावरून मुलांची नियमविषयक समज कशी वाढत जाते हे दाखविले. तर रशियन विचारवंत व्हिगोट्स्की ह्याने १९३३ साली दिलेल्या व्याख्यानात काल्पनिक खेळ आणि अर्थबोध ह्यांचा संबंध उलगडून दाखविला. पुढील विवेचनात ह्या दोघांचाही आधार येईल. तथापि उदाहरणे शक्यतो आपल्या गल्लीबोळांतील व अंगणांतीलच घेतली आहेत.

३. ध्वनींचा खेळ

भाषेशी मुलाचा पहिला खेळ आईच्या मांडीवर होतो. पदराआड तोंड लपवून ‘कुक्’ म्हणणे, तळहातावर टाळी देणे, बोटे मोजत मोजत बगलेपर्यंत जाऊन गुदगुल्या करणे ह्या खेळांत अर्थ फारसा नसतो. परंतु संभाषणाचा सांगाडा मात्र पूर्ण असतो. आधी एकाची पाळी, मग थांबणे, मग दुसऱ्याची पाळी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रूनर ह्याने लपाछपीच्या अशाच तान्ह्या खेळांचे बारकाईने निरीक्षण करून असे दाखविले की, शब्द येण्यापूर्वीच मूल बोलण्याची पाळी घेण्यास व देण्यास शिकते. ‘बोलणे’ ह्या व्यवहाराचे व्याकरण शब्दांच्या आधी येते, असे म्हणावयास हरकत नाही.

मूल सात-आठ वर्षांचे झाले म्हणजे ध्वनींशी खेळण्याचा निराळाच प्रकार सुरू होतो. मराठी मुलांत प्रचलित असलेली ‘च’ची भाषा सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या अनेक तऱ्हा आहेत. त्यांपैकी एकीत शब्दातील पहिले व्यंजन काढून त्या जागी ‘च’ घालावयाचा, आणि काढलेले व्यंजन शब्दाच्या शेवटी न्यावयाचे. म्हणजे ‘राम’चे ‘चामर’ होते, ‘घर’चे ‘चरघ’ आणि ‘पाणी’चे ‘चाणीप’. मोठ्या माणसांना कळू नये म्हणून मुले ही भाषा अत्यंत वेगाने बोलतात.

ह्या खेळात मूल काय करते, ते पाहण्यासारखे आहे. देवनागरीत ‘रा’ हे एक अक्षर आहे. लिहिताना आपण त्याचे तुकडे करीत नाही. परंतु ‘राम’चे ‘चामर’ करणाऱ्या मुलाने ‘रा’मधील ‘र्’ आणि ‘आ’ एकमेकांपासून वेगळे केलेले असतात. ‘आ’ जागच्या जागी ठेवून केवळ ‘र्’ हलविलेला असतो. हे स्वनिमविश्लेषण होय. पदव्युत्तर वर्गात जे शिकविताना आपली दमछाक होते, ते चौथीतील मूल धावता धावता करते. हे कौशल्य निरुपयोगी नाही. ब्रॅडली व ब्रायंट ह्या इंग्रज संशोधकांनी १९८३ साली असे दाखवून दिले की, शब्दांतील ध्वनी वेगळे ओळखण्याची मुलाची क्षमता आणि पुढील काळातील त्याची वाचनातील प्रगती ह्यांचा निकटचा संबंध असतो. इंग्रजीविषयी निघालेला निष्कर्ष मराठीस जसाच्या तसा लागू करता येणार नाही. आपली लिपी अक्षरप्रधान असल्याने आपल्या मुलांना अक्षराची जाण आधी व स्वनिमाची जाण उशिरा येते. नेमके ह्याच कारणामुळे, जी जाण लिपी आपणहोऊन देत नाही ती देणारा खेळ आपल्याला अधिक मोलाचा वाटावयास हवा.

वऱ्हाडी बोलीच्या अभ्यासकाला ह्या खेळाचा आणखी एक उपयोग आहे. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो; ‘डोळा’चा उच्चार ‘डोया’ होतो. वरील नियमाने ह्या शब्दाचे ‘चोयाड’ होईल की ‘चोळाड’, ह्यावरून त्या मुलाच्या मनातील मूळ शब्द कोणता हे कळू शकेल. प्रश्नावली पुढे करून विचारले असता मूल शाळेतले उत्तर देईल. खेळताना मात्र ते आपल्या मनातील उत्तर देते.

विटीदांडूतील मोजणी हेही असेच एक लेणे आहे. वकट, लेंड, मूंड, नाल हे शब्द मराठी मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले आहेत. (ह्यापुढील नावे स्थलपरत्वे बदलतात.) तेलुगूमध्ये एक, दोन, तीन, चार ह्यांना ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु असे म्हणतात, त्यांच्याशी ह्या शब्दांचे नाते उघड आहे. हे संख्याशब्द कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. कोणा गुरुजींनी ते शिकविले नाहीत. मोठ्या मुलाने धाकट्याला द्यावेत आणि धाकट्याने मोठे होऊन पुढच्याला द्यावेत, अशा रीतीने दोन भाषाकुलांच्या शेजाराचा हा पुरावा केवळ मुलांच्या मुखातून आजवर टिकून राहिला. इंग्लंडमध्ये आयोना व पीटर ओपी ह्या दांपत्याने १९५९ साली शाळकरी मुलांच्या मौखिक परंपरेवर ग्रंथ लिहिला, त्याचे सूत्र हेच होते: मुलांची परंपरा मुलेच चालवितात, आणि त्यासाठी मुलांचा मेळा लागतो. ज्या गल्लीत वेगवेगळ्या वयाची मुले एकत्र जमत नाहीत, तेथे ही साखळी एका पिढीतच तुटते.

४. नियमांचा खेळ

खेळातील पारिभाषिक शब्दांचा संग्रह केल्यास एक लहानसा विधिकोशच तयार होईल. ‘राज्य’, ‘डाव’, ‘भिडू’, ‘बाद’, ‘टाइमप्लीज’ हे त्यांतील काही. ह्यांपैकी ‘टाइमप्लीज’ हा शब्द विशेष विचारार्ह आहे. तो उच्चारल्याबरोबर खेळ थांबतो. पाठलाग करणाऱ्याला स्पर्श करण्याचा अधिकार उरत नाही. म्हणजे हा शब्द कशाचे वर्णन करीत नाही, तर काही घडवून आणतो. ज्या उक्तींना तत्त्वज्ञ ऑस्टिन ह्याने कृतिरूप उक्ती म्हटले, आणि ज्यांचे विवेचन त्याच्या निधनानंतर १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, त्यांचे याहून चोख उदाहरण सापडणे कठीण. शब्दाने जग बदलता येते, परंतु सर्वांनी तो मानला तरच, हा धडा मुलाला प्रथम मिळतो तो येथे.

‘लिंबूटिंबू’ ही संस्था तर आपल्या समाजाचे एक शहाणपणच होय. मोठ्या भावंडाबरोबर आलेले लहान मूल धड धावू शकत नाही. परंतु त्याला घरी पाठविले तर ते रडते. म्हणून त्याला खेळात घ्यावयाचे, पण त्याच्यावर राज्य द्यावयाचे नाही. ते चुकले तरी बाद होत नाही. ते पाहते, ऐकते, मधूनमधून धावते, आणि वर्ष-दोन वर्षांत पक्का भिडू होते. शिकाऊ माणूस समूहाच्या कडेने आत येतो आणि हळूहळू मध्यभागी जातो, ह्या सिद्धान्ताची मांडणी लेव्ह व वेंगर ह्यांनी १९९१ साली केली. आपल्या मुलांनी त्या सिद्धान्ताला केव्हाच नाव देऊन ठेवले होते. आजच्या शाळेत मात्र लिंबूटिंबूला जागा नाही. तेथे पहिल्या दिवसापासून प्रत्येकावर राज्य असते.

खेळ जितका वेळ चालतो, जवळजवळ तितकाच वेळ त्याविषयीचे भांडण चालते, अशी मोठ्यांची तक्रार असते. प्रस्तुत लेखकाने अमरावतीतील आपल्या घरासमोर ऐकलेले एक वाक्य असे : “चेंडू लागला असता तं मी बाद झालो असतो, पन लागलाच नाई.” बोलणारा आठेक वर्षांचा असेल. न घडलेली गोष्ट घडली असे क्षणभर धरून तिचा परिणाम सांगावयाचा, आणि मग ती घडलीच नाही असे म्हणून तो परिणाम नाकारावयाचा, इतका तर्कव्यूह ह्या एका वाक्यात आहे. वर्गात ह्या मुलाला संकेतार्थाची वाक्यरचना विचारली तर ते गप्प राहील. भांडणात ती त्याला आपसूक सुचते, कारण तेथे त्याचे काहीतरी पणाला लागलेले असते. पियाजेचे निरीक्षणही ह्याला पोषक आहे : नियम हे वरून आलेले नसून सर्वांच्या संमतीने ठरलेले असतात व संमतीनेच बदलता येतात, ही समज मुलाला येते ती बरोबरीच्या मुलांशी होणाऱ्या अशा देवघेवीतून.

येथे एक भेद करणे अवश्य आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापिले; त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. देशी खेळांना प्रतिष्ठा मिळवून देण्याचे हे कार्य थोर आहे, ह्यात संशय नाही. परंतु हुतूतूची कबड्डी झाली, नियम छापले गेले, पंच आला, की नियमांविषयीचा वाद पंचाकडे जातो आणि मुलाने वाद घालण्याचे प्रयोजन संपते. खेळाडू घडविण्यासाठी हे योग्यच होय. तथापि भाषिक वाढीच्या दृष्टीने पंच नसलेल्या खेळाची जागा पंच असलेला खेळ घेऊ शकत नाही. मुलाला क्रीडाशिबिरात घातले म्हणजे त्याच्या खेळण्याची सोय झाली, असे समजणाऱ्या पालकांनी हा भेद ध्यानी घ्यावा.

५. सोंगांचा खेळ

भातुकली, बाहुला-बाहुलीचे लग्न, शाळा-शाळा, दुकान-दुकान हे खेळ सोंगांचे होत. काठीला घोडा म्हणून मूल तिच्यावर स्वार होते, तेव्हा ‘घोडा’ हा अर्थ घोडा ह्या प्राण्यापासून सुटा होऊन काठीला चिकटतो, असे व्हिगोट्स्कीने म्हटले आहे. शब्द आणि वस्तू ह्यांचे नाते स्वाभाविक नसून संकेताने ठरलेले असते, हे सोस्यूरचे तत्त्व आपण विद्यार्थ्यांना समजावून देतो. मूल ते काठीवर बसून अनुभवते. कागदावरच्या रेघोट्यांना ‘क’ मानावयाचे हा लेखनाचा संकेतही त्याच जातीचा आहे. जे मूल पानाला पोळी आणि मातीला वरण मानू शकते, त्याला तो कठीण वाटत नाही.

परंतु वऱ्हाडच्या दृष्टीने ह्या खेळांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. शाळा-शाळा खेळताना जी मुलगी बाई होते, तिचे बोलणे लक्षपूर्वक ऐकावे. हातात पट्टी घेताच ती “मला सांगा, तुम्हाला समजलं का?” असे बोलू लागते. तीच मुलगी घटकाभराने भातुकलीत आजी झाली की “मले सांग, तुले काय पायजे?” असे म्हणते. ‘मला’ आणि ‘मले’, ‘पाहिजे’ आणि ‘पायजे’ ही रूपे कोणी कोठे वापरावयाची ह्याचे तिचे ज्ञान अचूक असते. त्यात गफलत झाली तर बाकीच्या मुली तिला हसतात. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना बाहुल्यांकरवी आई, वडील, डॉक्टर, शिक्षक ह्यांची बोलणी बोलावयास लावून एलेन अँडरसन ह्या विदुषीने असेच निष्कर्ष काढले. त्यांचा ग्रंथ १९९० साली प्रसिद्ध झाला. लहान मुलांनाही भूमिकेनुसार भाषा पालटता येते, हे त्यावरून सिद्ध झाले.

ह्याचा अर्थ असा की, ज्या वऱ्हाडी मुलाला ‘शुद्ध बोलता येत नाही’ म्हणून शाळेत गप्प बसविले जाते, त्याला प्रमाणमराठी येत नाही असे नसते; ती आपल्या तोंडची भाषा आहे असे त्याला वाटत नसते, इतकेच. एका शाळेत पहिलीतील एक मूल “मले पानी पायजे” म्हणाले. त्यावर “आधी नीट बोल, मग पाणी,” असे त्याला ऐकविण्यात आले. ते मूल पाणी न पिता जागेवर जाऊन बसले. हा प्रसंग प्रस्तुत लेखकाने स्वतः पाहिलेला आहे. त्या दिवशी ते मूल शुद्ध बोलण्यास शिकले नाही. न बोलण्यास शिकले. त्याच मुलाला खेळात ‘गुरुजी’ होण्याची संधी दिली असती, तर ‘मला पाणी पाहिजे’ हे वाक्य त्याने कोणी न शिकविता उच्चारले असते. आपली बोली न सोडता दुसऱ्या भाषेची वस्त्रे अंगावर घालून पाहण्याची सोय सोंगाच्या खेळात आहे, आणि ती अन्यत्र नाही.

वऱ्हाडीला ‘अडाणी’ म्हणणाऱ्यांना आणखी एका गोष्टीची आठवण द्यावीशी वाटते. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानला जाणारा म्हाइंभटांचा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाला तो अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे. ‘लीळा’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ क्रीडा असाच आहे. ज्या भूमीत मराठी गद्य लीळेच्या रूपाने अवतरले, तेथील मुलांच्या क्रीडेला व बोलीला कमी लेखणे शोभत नाही.

मेळघाटात हा प्रश्न अधिक तीव्र आहे. धारणी व चिखलदरा तालुक्यांतील कोरकू मुलांची घरची भाषा मुंडा गटातील आहे. तिचे व्याकरण मराठीहून सर्वस्वी निराळे. शाळेची पहिली पायरी त्यांच्यासाठी परभाषेची असते. अशा वर्गात फळ्यावरची बाराखडी मुकी राहते. खेळात मात्र अर्थ कृतीतून कळतो. ‘बस’, ‘धाव’, ‘पकड’ हे शब्द कृतीबरोबरच येतात, आणि शिक्षकालाही चार कोरकू शब्द शिकण्याची संधी मिळते. दोन्ही बाजू शिकतात म्हणून कोणाचाही मान जात नाही.

६. भुलाबाई : घराचा खेळ

आतापर्यंतचे खेळ मुलांमुलांतील होते. घर आणि खेळ ह्यांचा संबंध ज्यात सर्वांत स्पष्ट दिसतो असा वऱ्हाडचा खेळ म्हणजे भुलाबाई. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला भोंडला किंवा हादगा म्हणतात, त्याचे हे भावंड. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर घरोघरी मातीच्या भुलाबाई-भुलोजींची म्हणजे गौरी-शंकराची स्थापना होते. सोबत गणोबा असतो. संध्याकाळी मुली एकमेकींच्या घरी जाऊन टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात, आणि शेवटी त्या घरचा खाऊ ओळखावयाचा असतो. कोजागरीच्या रात्री ज्वारीच्या धांड्यांच्या माखरात भुलाबाईची पूजा होऊन खेळाची सांगता होते. शेतात ह्याच सुमारास ज्वारी वाढलेली आणि कपाशी बोंडांवर आलेली असते.

गाण्यांचे विषय सासर व माहेर हे. सासू, सासरा, दीर, जाऊ, नणंद ही सगळी नाती त्यांत ओळीने येतात. एकाच साच्याच्या वाक्यात केवळ नातेवाचक शब्द पालटत जातो. व्याकरण शिकविताना ज्याला आपण प्रतिस्थापन म्हणतो, ते हेच. परंतु त्याहून महत्त्वाचे असे की, ज्या गोष्टी घरात उघड बोलता येत नाहीत, सासुरवासाचा जाच, माहेरची ओढ, मागितलेले न मिळणे, त्या येथे खेळ म्हणून मोठ्याने म्हणता येतात. दहा वर्षांची मुलगी हसत हसत जे गाते, ते ओट्यावर बसलेली तिची आई वेगळ्या कानांनी ऐकते आणि आजी त्याहून वेगळ्या. तीन पिढ्यांच्या स्त्रियांना एकाच वेळी, एकाच भाषेत आणि कोणासही दोष न देता, मन मोकळे करण्यास मिळणे ही कुटुंबाच्या स्वास्थ्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

खाऊ ओळखण्याचा प्रकारही मौजेचा आहे. यजमानीण झाकलेला डबा हलवून त्याचा आवाज ऐकविते आणि मुली विचारतात : गोड की तिखट? तळलेले की भाजलेले? लहान मुली एकदम ‘लाडू’, ‘चिवडा’ अशी नावे घेत सुटतात. मोठ्या मुली आधी वर्ग ठरवितात आणि मग नावाकडे येतात. मोशर व हॉर्न्सबी ह्यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अमेरिकन मुलांना ‘होय-नाही’ उत्तरांचे प्रश्न विचारून वस्तू ओळखावयास सांगितले असता नेमका हाच फरक आढळला : सहा वर्षांची मुले सुटे अंदाज करीत, तर आठ ते अकरा वर्षांची मुले शक्यतांचा मोठा भाग एका प्रश्नात बाद करणारे प्रश्न विचारीत. भुलाबाईत विशेष असा की, सहा वर्षांची मुलगी अकरा वर्षांच्या मुलीच्या शेजारीच बसलेली असते, आणि प्रश्न कसा विचारावा हे महिनाभर रोज ऐकते.

७. मर्यादा आणि आक्षेप

खेळाचे गोडवे गाताना त्याच्या मर्यादा लपविणे संशोधकास शोभणार नाही. गावकुसातील खेळाच्या मेळ्यात सर्वांना प्रवेश होता, असे नाही. जातीच्या भिंती अंगणातही होत्या. भुलाबाईची गाणी मुलीला सासुरवास सोसण्याचे वळणही लावतात, हा आक्षेप सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत आई शेतात गेली म्हणजे धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम थोरल्या मुलीकडे येते, आणि तिच्या वाट्याचे खेळणे तेवढ्यापुरते संपते. ‘पूर्वी मुले खेळत असत’ असे म्हणताना कोणती मुले, हे विचारणे अवश्य आहे.

दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे. काल्पनिक खेळामुळेच भाषा, बुद्धी व सर्जनशीलता वाढते, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा उपलब्ध नाही, असा निर्वाळा अँजेलिन लिलार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली घेतलेल्या विस्तृत आढाव्यात दिला. जी मुले खूप खेळतात ती भाषेत पुढे असतात. परंतु खेळामुळे भाषा येते की भाषा असल्यामुळे खेळ रंगतो, की दोहोंच्या मागे बोलके घर हे तिसरेच कारण असते, हे वेगळे काढणे सोपे नाही. हा इशारा आपण गांभीर्याने घ्यावा. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन ‘खेळ हे एकमेव कारण होय’ असे नाही. खेळात मुलाची भाषिक क्षमता प्रकट होते व वापरली जाते, आणि वर्गात ती झाकली जाते, एवढे आपल्या कानांनी पडताळता येण्यासारखे आहे. आणि शिक्षणाची दिशा ठरविण्यास तेवढे पुरेसे आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, मोठ्यांनी हलकेच दिशा दिलेला खेळ लहान मुलांच्या काही गणिती कौशल्यांच्या बाबतीत थेट पाठ देण्यापेक्षा अधिक उपयुक्त ठरल्याचे दिसून आले, हेही नमूद करावयास हवे.

८. समारोप

कागदोपत्री खेळाचा पक्ष केव्हाच विजयी झालेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमाने खेळणे हा मुलाचा हक्क मानला; भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरविले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने व त्यास अनुसरून २०२२ साली तयार झालेल्या पायाभूत स्तराच्या आराखड्याने तीन ते आठ वर्षांच्या मुलांचे शिक्षण खेळाच्या आधारे व मातृभाषेतून व्हावे, असे सांगितले. परंतु आईबापांच्या मनातील सिद्धान्त शासननिर्णयाने बदलत नाही. मूल लवकर लिहू लागले म्हणजे पुढे गेले, ही त्यांची समजूत प्रेमापोटी व भीतीपोटी आलेली आहे. शेतीचा भरवसा राहिलेला नाही अशा मुलखात शिक्षणावर सर्व आशा एकवटणे स्वाभाविक आहे. म्हणून त्यांना दोष न देता, खेळताना त्यांचे मूल काय शिकत आहे हे त्यांना दिसेल अशा भाषेत सांगणे, हे आपले काम आहे.

विभागातील विद्यार्थ्यांपुढे ह्या दृष्टीने तीन कामे ठेवता येतील. पहिले : अमरावती व अकोला जिल्ह्यांतील मुलांच्या खेळांतील शब्द, मोजण्या व गुप्त भाषा ह्यांचा गाववार संग्रह करणे, मात्र तो मुलांच्या व पालकांच्या संमतीनेच व्हावा, आणि मुलांची नावे कोठेही नोंदविली जाऊ नयेत. दुसरे : सोंगाच्या खेळात वऱ्हाडी व प्रमाण रूपांची अदलाबदल कशी होते ह्याची वयवार नोंद ठेवणे. तिसरे : प्राथमिक शिक्षकांशी बोलून, ‘चूक’ आणि ‘बोली’ ह्यांतील भेद त्यांच्यापुढे उदाहरणांनी मांडणे. तिन्हींना खर्च फारसा नाही. कान मात्र उघडे हवेत.

घरासाठी सूचना एकच. दिवसाकाठी अर्धा तास आई, वडील किंवा आजी-आजोबा ह्यांपैकी कोणीतरी मुलाबरोबर, मुलाने सांगितलेला खेळ, घरच्या बोलीत खेळावा. त्या अर्ध्या तासात नियम मुलाने सांगावेत आणि मोठ्यांनी लिंबूटिंबू व्हावे. मुलाला भाषा येते ती कोणीतरी आपले ऐकून घेत आहे ह्या विश्वासातून. आणि घराचे स्वास्थ्यही त्याहून फार वेगळ्या गोष्टीवर उभे नसते. तेव्हा दिवेलागणीच्या वेळी “खेळ पुरे, आता अभ्यासाला बस,” असे म्हणण्यापूर्वी अंगणात काय चालले आहे ते क्षणभर ऐकावे. अभ्यास कदाचित तेथेच चालू असेल.